ताईची गल्ली

आईबाप लवकर गेले, तेव्हा ताईने शिवणयंत्रावर कपडे शिवून धाकट्या भावाला शिकवलं. तो भूगोलाचा प्राध्यापक झाला. भांडवल वस्तीला आधी मोडकळीला येऊ देतं आणि मग तीच जमीन सोन्याच्या भावाने विकतं, यावर त्याने मार्क्सचा धागा धरून जाडजूड ग्रंथ लिहिला. देशोदेशी त्याचा गवगवा झाला. ताईला त्यातलं ओ की ठो कळत नसे. "उशाला बरा आहे," म्हणून ती हसायची.

मग ताईच्या गल्लीवरच नांगर फिरवायचं ठरलं. प्राध्यापक तडक पालिकेत गेला. पुनर्विकासाच्या योजनेचा सल्लागार म्हणून समोर बसला होता त्याचा सर्वांत लाडका विद्यार्थी. त्याने लगबगीने उठून खुर्ची दिली.

"सर, आज पडीक असलेली कोणती जमीन उद्या महागणार, हे ओळखायला तुम्हीच शिकवलंत."

"ते थांबवायला शिकवलं होतं रे!"

"थांबवण्यावर तुमचं एकच प्रकरण होतं, सर. शेवटचं. अगदी छोटं."

मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. गल्ली पडली ती पडलीच. शेजारीपाजारी चार दिशांना पांगले. "माझ्याकडे चल," असं त्याने ताईला परोपरीने विनवलं.

"तुझ्याकडे मी पाहुणी रे," ताई म्हणाली आणि शहराच्या टोकाला, अकराव्या मजल्यावरच्या खोलीत जाऊन राहिली. तिथे ना गिऱ्हाईक, ना दारात टेकून गप्पा मारणारं कोणी. यंत्र धूळ खात पडलं. ताईचं बोलणं आटत गेलं.

एका दुपारी त्याला फोन आला. जुन्या गल्लीच्या जागी काचेची इमारत उभी होती आणि तिच्या पायरीवर ताई बसून होती. पहारेकरी तिला उठवून उठवून थकला होता.

"ताई, घरी चल ना."

"इथेच होतं रे. तू नकाशे काढतोस ना? मग दाखव की!"

तिचा हात धरून तो तिथेच खाली बसला. रस्त्यावरून जाणारे बघत होते, तरी त्याला रडू आवरलं नाही.

थंडी सरायच्या आत ताई गेली.

नंतर वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, विस्थापन म्हणजे नेमकं काय?" व्याख्या त्याला तोंडपाठ होती. फळ्याकडे वळून त्याने पहिला शब्द लिहिला, पण पुढे हात चालेना. शेवटी तीच मुलगी उठली आणि तिने हळूच त्याच्या हातातला खडू काढून घेतला.

त्यानंतर तो कधी वर्गावर गेला नाही.