कावळा शिवेना

नाशकात आल्यापासून मोरागचं सगळ्यांशी जमलं, फक्त कावळ्यांशी काही जमेना. स्कॉटलंडहून वर्षभरासाठी इंग्रजी शिकवायला आलेली ही मास्तरीण गंगापूर रोडवर शकुबाईंच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत राहत होती. बाहेरच्या मोरीवर साबण ठेवला रे ठेवला की कावळा पळवणार. मग दात घासायचा ब्रश गेला. एक दिवस तर डोक्यावरच टोच बसली, आणि बाईंचं डोकं फिरलं.

कॉलेजातल्या पोरांनी इलाज सांगितला. बाजरीच्या शेतात पाखरं हाकलायला जुन्या कॅसेटची फीत ताणून बांधतात. ती उन्हात चमकते, वाऱ्यावर घूं घूं वाजते. मोरागने हौसेने सगळ्या गच्चीभर फीत बांधली. दुसऱ्या दिवसापासून कावळा औषधालाही सापडेना. तिला कोण आनंद झाला! पण महिना भाद्रपदाचा होता आणि पितृपंधरवडा तोंडावर आला होता, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार?

त्या दिवशी खालून उडदाच्या वड्यांचा वास आला तशी ती स्वयंपाकघरात गेली. शकुबाईंची सून आशा खीर ढवळत होती. हे काय, ते कशाला, असं विचारून मोरागने तिला भंडावून सोडलं, आणि आशानेही न कंटाळता सांगितलं. आज सासऱ्यांचं श्राद्ध. त्यांच्या नावाचं पान गच्चीवर ठेवलंय. कावळा शिवला, की मग घरचे जेवणार. आणि नाहीच शिवला तर? तर गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय असं समजायचं, ते ओळखायचं आणि पुरं करू म्हणून मोठ्याने कबूल करायचं.

मोरागला वर बांधलेली फीत आठवली.

जिन्यावर सगळं घर माना वर करून बसलं होतं. आशाचा नवरा कारभारी गच्चीच्या दारात हात जोडून उभा. कावळे होते की, शेजारच्या टाकीवर ओळीने बसले होते, पण इकडे यायला एकजण तयार नव्हता. कारभारीने आधी मळ्यातली विहीर खोल करायचं कबूल केलं. मग वडिलांच्या नावाने गावच्या शाळेला पंखे द्यायचं. मग काशीला जाऊन येतो म्हणाला. टाकीवरचे कावळे ढिम्म.

मोरागला राहवेना. फीत सोडायला ती उठली, तोच शेजारी बसलेल्या शकुबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"बस गं पोरी," म्हातारी हळूच म्हणाली. "फीत मी सकाळीच पाह्यलीय. राहू दे."

मोराग बसली, पण डोक्यात काही शिरेना. मग तिला आशाने मागे दबक्या आवाजात सांगितलेली गोष्ट आठवली. शकुबाईंच्या लेकीने, संध्याने, दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं आणि ती देवळाली कॅम्पात राहायला गेली. तासाभराची वाट. पण पुन्हा हा उंबरा चढायचा नाही, असं बापाने बजावलं. दोन वर्षांपूर्वी तो गेला तेव्हाही तिला दारातूनच परत धाडलं. म्हातारी पोराच्या किती विनवण्या करी! कारभारीचं एकच उत्तर, दादांचा शब्द आहे, दादा असते तर त्यांना विचारलं असतं.

म्हणजे आज दादांनाच विचारणं चाललं होतं! मोरागचं मनगट दुखत होतं, तरी सोडवून घ्यावंसं वाटलं नाही तिला.

ऊन डोक्यावर आलं. पोरं भुकेने रडकुंडीला आली. कारभारीने घाम पुसला, एकदा आईकडे पाहिलं आणि पुन्हा हात जोडले.

"दादा," त्याचा आवाज चिरकला, "संध्याला घरी आणतो. आजच आणतो. आता तरी घ्या."

शकुबाईंनी मनगट सोडलं. पाण्याचा तांब्या न्यायचं निमित्त करून मोराग वर गेली आणि पानाभोवतीची फीत तिने भराभरा गुंडाळली. ती मागे सरते न सरते तोच टाकीवरचा एक कावळा आला आणि वडा घेऊन उडाला. जिन्यावर म्हातारी तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडली.

हसत-रडत पंगत बसली. मोरागचंही पान घरच्यांच्याच पंगतीत मांडलं, पण ती पानातलं नुसतं चिवडत राहिली. खोट्यावर उभं राहिलेलं हे खरं तिला पेलवत नव्हतं. कारभारी स्कूटर काढायला गेला तशी ती मागोमाग गेली आणि मोडक्यातोडक्या मराठीत, कावळे माझ्या फितीमुळे आले नव्हते, असं सांगू लागली. त्याने तिला पुरतं बोलू दिलं नाही.

"मॅडम, पान ठेवायला वर मीच गेलो होतो," तो म्हणाला आणि त्याने किक मारली.

मोरागने फाटकातून जाणाऱ्या स्कूटरकडे पाहिलं. या माणसांना दोन वर्षं हेच हवं होतं, आणि तोंडाने मागायची मात्र एकाचीही प्राज्ञा नव्हती!

दिवस कलताना स्कूटर परत आली. संध्या उतरली, पायरीपर्यंत आली आणि उंबऱ्याशी थबकली. पाऊल काही उचलेना. आतून कुणी आवाज देतंय का म्हणून ती वाट पाहत राहिली. शकुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचं वाढलेलं पान तसंच झाकून ठेवलेलं होतं.

"आत ये," मागून कारभारी म्हणाला, "आई जेवायची थांबलीय."