'रिकामी' नावाची डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि पक्की भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या पोटात एक चकती गरगर फिरते आणि तिला न टेकता एक बारीक सुई लिहीत-वाचत असते. कोणी मला टेबलावर जरा आपटून ठेवले तरी काळजात धस्स होते. कारखान्यातून मी दुकानात आले, वर्षभर फळीवर पडून राहिले आणि शेवटी एका लेखिकेने मला घरी नेले.

ही लेखिका पदरमोड करून छोटे चित्रपट काढायची आणि त्यांचे प्रयोगही करायची. प्रयोग म्हणजे काय, तर एखाद्या जुन्या गोदामात पडद्यावर चित्र चालू असायचे आणि ती समोर खुर्चीत बसून आपले लेखन वाचायची. बघायला वीस-पंचवीस माणसे यायची. त्यात एखादा वाट चुकून आलेलाही असायचा, पण तो शेवटपर्यंत बसायचा.

तिने तीन वर्षे खपून आपल्या आईवर चित्रपट केला. आई दिवसभर राबायची. भांडी, कपडे, शिवण आणि वर अंथरुणाला खिळलेली सासू. तरी "आई काय करते?" असे कोणी विचारले की घरातून एकच उत्तर मिळायचे, "काही नाही, रिकामीच असते." ते उत्तर लेखिकेला लहानपणापासून डाचत होते. म्हणून तिने चित्रपटाचे नाव ठेवले 'रिकामी'. सगळे चित्रण, आईचे सगळे बोलणे तिने माझ्या हवाली केले आणि माझ्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवून ठळक अक्षरांत तेच नाव लिहिले. पहिल्या प्रयोगानंतर कितीतरी जणांनी तिथूनच आपापल्या आईला फोन लावला. मला कोण अभिमान वाटला!

दुसऱ्या प्रयोगाच्या तालमीत, भर दुपारी, तालमीचे चित्रण करणाऱ्या कॅमेरावाल्याचे मेमरी कार्ड भरले.

"ताई, चित्रण उतरवायला एखादी डिस्क आहे का?"

लेखिका वाचनात बुडालेली होती. मान वर न करताच ती म्हणाली, "खणात दोन आहेत. रिकामी बघून घे."

खणात मी होते आणि शेजारी एक नवी, कोरी डिस्क होती. तिच्यावर काहीच लिहिलेले नव्हते. कॅमेरावाल्याने माझी पट्टी वाचली आणि खूश झाला. "वा! नाव घालून ठेवलंय. ताई फारच शिस्तीच्या."

त्याने मला संगणकाला जोडले. "अरेच्चा, जुनं काहीतरी राहिलंय की," असे पुटपुटत त्याने मला कोरी करायला घेतले. पडद्यावर प्रश्न आला, सगळे पुसायचे का? मित्रांनो, मला तोंड नाही. ओरडणार कशी? त्याचे बोट 'हो'च्या बटणावर गेले.

तेवढ्यात तालीम बघायला आलेली आई पाण्याचा तांब्या घेऊन आत आली.

"काय करतोस रे?"

"काही नाही काकू, ही रिकामी पुसतोय."

आईने वाकून पट्टी वाचली. "अरे, रिकामी म्हणजे मी!"

त्याचे बोट हवेतच राहिले. लेखिका धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजच हिची दुसरी प्रत काढते," ती म्हणाली.

तो 'आज' काही उजाडला नाही. प्रयोग आले, प्रवास आले, कामे आली. मग आई गेली. त्यानंतर लेखिकेला माझ्याकडे बघवेना. तिने मला वायरींच्या खोक्यात ठेवले आणि तिथे मी सहा वर्षे धूळ खात पडले.

आज सकाळी तिने मला बाहेर काढले. आता प्रत निघते आहे. पण माझी सुई मध्येच अडते आणि टकटक वाजते. तसे वाजले की लेखिका श्वास रोखते आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणते, "थोडंच राहिलंय, आई. थोडंच."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कोणाचा आवाज असाच एका जागी ठेवलेला असेल, तर उठा आणि त्याची दुसरी प्रत काढा. उद्यावर टाकू नका. ती 'थोडंच' म्हणते, पण अजून निम्मे बाकी आहे आणि मला फार भीती वाटते.