जमिनीलगतचा वास

दुपारच्या झोपेतून उठून सुनेने चहाला शेगडी पेटवायला घेतली, तर ज्योत नाही. तिने ओट्याखालच्या कपाटात हात घालून सिलिंडरचा रेग्युलेटर चाचपला. बंद. कालही बंद होता, परवाही.

घरात माणसं तीन. नवरा सकाळीच कामावर जायचा. उरल्या सासूसुना. आणि भिंतीवरची पाल काही रेग्युलेटर फिरवत नाही.

"आई, या कपाटाला हात लावला होतात?"

सासूबाई जमिनीवर पाय पसरून, कपाटाच्या पलीकडच्या दाराला पाठ टेकून शेंगा सोलत होत्या. "मी कशाला लावू बाई? नवा ओटा तुझा, नवं कपाट तुझं. मी आपली जमिनीवरची."

बोलणं मऊ, पण त्यात काटा. हौसेने करून घेतलेलं हे स्वयंपाकघर म्हातारीच्या डोळ्यांत खुपतंय, हे सुनेला ठाऊक होतं. पूर्वी सिलिंडर उघड्यावर, कोपऱ्यात असायचा; आता तो दाराआड, दिसेनासा. तेव्हापासून एकच टुमणं: "गॅसचा वास येतोय गं." सुनेने ओट्याशी उभं राहून हुंगलं, काही नाही. नवऱ्याने कप हातात धरून हुंगलं, काही नाही. "आईला नवं पचतच नाही," म्हणत तो हसला. शिवाय छताजवळ पंखा बसवलाच होता. धूर वर जातो, तसा गॅसही वरच जाणार की.

पण रेग्युलेटर फिरवणं म्हणजे हद्द झाली. आज बंद करते, उद्या अर्धवट सोडून ठेवेल, आणि बोल सुनेच्या माथी. संध्याकाळी नवऱ्याला स्पष्ट सांगायचं, आईंना थोरल्या लेकीकडे पोचवा. पण आधी चोर पकडायला हवा.

दुसऱ्या दिवशी ती पांघरूण ओढून पडली. झोप कुठली, कान टवकारलेलेच होते. स्वयंपाकघरातून कपाटाची करकर आली, तशी ती पावलं चोरत दाराशी गेली. सासूबाई गुडघ्यांवर होत्या. नाक फरशीला लावून हुंगत होत्या. मग त्यांनी रेग्युलेटर बंद केला, मागचं दार उघडलं आणि शेंगा खाली ओतून रिकाम्या सुपाने फरशीवरून वारा घालू लागल्या, जणू सांडलेलं पाणीच बाहेर लोटतायत.

"सापडलात!"

सूप हातून गळालं. म्हातारीचा चेहरा पांढराफटक. पण आवाज फुटला तो वेगळाच. "बस. आधी खाली बस."

"नाटकं पुरे झाली, आई."

"बस म्हणते ना!"

ती बसली. आणि तो आला. कुजक्या कांद्यासारखा, घशात उतरणारा, गुडघ्याएवढ्या उंचीत साठलेला वास. उभी राहिली, नाहीसा. वाकली, पुन्हा हजर. कपाटाच्या दारांखालून तो झिरपत होता.

तिचा हात आपसूक पंख्याच्या बटणाकडे गेला. सासूबाईंनी मनगट घट्ट धरलं. "बटण नको! एक ठिणगी पुरे."

दोघींनी खिडक्या उघडल्या. सिलिंडरमागे भिंतीत, अगदी जमिनीलगत, सुताराने हवा जायला भोक ठेवलं होतं. झुरळं येतात म्हणून सुनेनेच त्यात फडकं कोंबलं होतं. ते तिने ओढून काढलं. वास पार विरल्यावर तिने रेग्युलेटर क्षणभर उघडला आणि नळीवर साबणाचा फेस फासला. कपाटातल्या खणाची कड जिथे नळीला घासत होती, तिथे बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. तिने लगेच रेग्युलेटर बंद केला.

सून फरशीवर बसली. "मग हात लावला नाही, असं खोटं का बोललात?"

"दोन महिने खरंच बोलत होते. तुम्ही हसलात." सासूबाई विखुरलेल्या शेंगा वेचू लागल्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "आणि खरं सांगू? भोकात फडकं दिसलं, तेव्हा वाटलं, मुद्दामच कोंबलंय. म्हातारी जमिनीवर बसते, आधी तीच जाईल."

"आई!"

"तू नाही का मला चोर समजलीस?"

 नळी बदलून देणाऱ्याला सुनेने अंगणात जाऊन फोन केला.

संध्याकाळी नवरा आला, तेव्हा दोघी फरशीवर शेजारी बसून शेंगा सोलत होत्या.

"आज खाली कशी?" त्याने विचारलं.

"तुम्हीही बसा," ती म्हणाली, "गॅस हुंगायचा तो इथूनच."