सव्वीस फूट रुंद

मी गॅरेज बोलतोय. दोन गाड्यांचं. लेहतोलांच्या घराला उजव्या अंगाने चिकटून उभा आहे ना, तोच मी. माणसं घरातल्या खोल्यांचे लाड करतात, त्यांना पडदे लावतात, तसबिरी टांगतात. माझ्या वाट्याला टायर, फावडी आणि अर्धवट राहिलेली भांडणं. पण तक्रार नाही. माझ्याइतकं विचारपूर्वक जन्माला घातलेलं गॅरेज या सरोवराकाठच्या गावात दुसरं नसेल. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेलेत, ते आज मानतो.

माझ्या जन्माआधीची हकिगत मी माझ्यातच ऐकली. गाडी थांबली म्हणून माणसं लगेच घरात जात नाहीत. इंजिन बंद करून बोलत बसतात, आणि जुनं तेच पुन्हा उगाळतात.

तौनो लेहतोला कागदाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. बायको इर्या, मुलगी सोइली. सोइलीच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि पंधराव्या वर्षी तिचे पाय गेले. गाडी तेव्हा अंगणात उघड्यावर उभी असायची. उन्हाळ्यात ठीक होतं. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फाची काच व्हायची, चाकाच्या खुर्चीचा तिथे उपयोग नव्हता. तौनो मुलीला उचलून गाडीपर्यंत न्यायचा. एका सकाळी त्याचा पाय घसरला आणि दोघंही खाली आले.

"बाबा, लागलं?" सोइलीने बर्फात पडल्या पडल्या विचारलं.

"नाही. तुला?"

"मला कुठे कळतंय लागलेलं!"

ती हसली. तौनोला हसता आलं नाही. त्यानंतर मुलीने बाहेर जायचं नावच सोडलं. आज थंडी आहे, उद्या जाऊ. उद्या अभ्यास आहे, परवा बघू. इर्याने महिनाभर हे ऐकून घेतलं आणि एका संध्याकाळी कॉफीचा कप नवऱ्यापुढे आदळून म्हणाली, "गॅरेज बांध."

तौनोने स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा काढला. वीस फूट लांब, वीस फूट रुंद. गल्लीत सगळ्यांचं होतं तेवढंच. बर्फ वितळल्यावर त्याने अंगणात खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, आत एका बाजूला मुलीसाठी घेतलेली व्हॅन आणि दुसऱ्या बाजूला आपला ट्रक आणून उभा केला. दोन्ही गाड्या बरोबर मावल्या. तौनो खूश.

सोइली खुर्चीतून बघत होती. "आता व्हॅनचं दार उघड."

त्याने बाजूचं दार सरकवलं. मुलीला उतरायची फळी बाहेर आली आणि ट्रकला जाऊन ठण्णकन आपटली.

"आता मी उतरू कुठे? तुझ्या ट्रकच्या टपावर?"

इर्या तोंडावर हात धरून हसायला लागली.

"गाड्या मोजल्यास बाबा," सोइली म्हणाली. "माझं माप कुणी घेतलं?"

तिने खुर्ची ओल्या मातीत नेली आणि जागच्या जागी गर्रकन फिरवली. चाकांनी चिखलात एक गोल उमटला. तौनो गुडघ्यावर बसला आणि त्याने फितीने तो गोल मोजला. पाच फूट. ते माझं पहिलं माप. बाकी सगळं त्या गोलाभोवती आलं.

मग रोज रात्रीच्या जेवणानंतर माझीच चर्चा. घराचं दार जमिनीपासून सव्वा फूट उंच, तेव्हा खुर्चीसाठी उतार लांबलचक हवा, आणि तोही आतच, मागच्या भिंतीलगत, म्हणजे त्यावर बर्फ धरणार नाही. जमीन दाराकडे किंचित उतरती, गाड्यांवरचा बर्फ वितळला की पाणी आपोआप बाहेर. तौनोला दोन वेगळी दारं हवी होती. इर्या म्हणाली, "मधला खांब मी पहिल्याच आठवड्यात उडवीन, मग तूच बसशील दुरुस्त करत." एकच रुंद दार ठरलं.

सगळं धरून रुंदी सव्वीस फूट झाली. आणि तिथेच गाडं अडलं. शेजाऱ्याच्या हद्दीपासून चार फूट सोडायचा नियम होता. तो पाळला तर चोवीसच उरत होते. शेजाऱ्याने स्वतः येऊन हरकत नाही म्हटलं, तर दोन फूट सूट मिळणार होती.

"ट्रक बाहेर ठेवीन," तौनो म्हणाला.

"आणि उणे तीसमध्ये पहाटे उठून काचेवरचा बर्फ खरवडत बसशील! तुझं हे नेहमीचं. स्वतःला कापून मापात बसवायचं, पण दुसऱ्याला शब्द विचारायचा नाही. जा, कोर्राडोकडे जा."

कोर्राडो बेविलाक्वा म्हणजे दक्षिणेकडचा शेजारी. बायको वारलेली, एकटा. त्याने बापाच्या गावाहून आणलेली द्राक्षाची काडी जगवून तिचा वेल केला होता. एका हिवाळ्यात तौनोच्या बर्फ उडवायच्या यंत्राने सगळा बर्फ त्या वेलाच्या मांडवावर फेकला. मांडव मोडला, अर्धा वेल गेला. कोर्राडो नको नको ते बोलला. तौनोने मधे कुंपण घातलं. सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद.

इर्याने वेलची घातलेला, वेणीसारखा वळलेला गोड पाव भाजून नवऱ्याच्या हातात दिली. कोर्राडोने दार उघडलं, पावाकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग पाव कशाला?"

"दोन फूट हवेत."

"माझ्या जमिनीतले?"

"माझ्याच. पण तुझी हरकत नको."

"सहा वर्षांपूर्वी घेतली होती हरकत. ऐकलीस?"

तौनो परत वळला. दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "वेल माझ्या हातून मोडला," तो पायरीकडे बघत म्हणाला. "त्याच दिवशी यायला हवं होतं. लाज वाटली."

कोर्राडोने त्याच्या हातातला पाव घेतला. मग म्हणाला, "मुलगी दिसत नाही तुझी हल्ली. पूर्वी कुंपणावरून मला चाओ म्हणून हाक मारायची."

"ती बाहेरच येत नाही."

तेवढं ऐकलं आणि कोर्राडोने खुंटीवरची टोपी काढली. दोघं अंगणात आले. खुंट्या, दोरी, सगळं त्याने फिरून बघितलं. सोइली खिडकीतून बघत होती.

"माझ्या बाजूची भिंत पांढरी पाहिजे," कोर्राडो म्हणाला. "दिवसभर ऊन घेईल, वेल तिच्यावर चढवीन. खिडकी नको. तुझं थोबाड रोज कशाला बघू?"

"बरं."

"आणि हे कुंपण काढ. भिंत झाल्यावर मधे दोन फुटांत मी काय रांगत जाऊ?"

नगरपालिकेत तो लग्नातला कोट घालून आला. अधिकाऱ्याने त्याला एकच प्रश्न विचारला; याने मात्र माझ्या उतारापासून दारापर्यंत सगळं समजावून सांगितलं, जणू मी त्याच्याच घरचा! त्या उन्हाळ्यात मी उभा राहिलो. काँक्रीट वाळल्यावर कोर्राडोने पेलाभर पाणी माझ्या मधोमध ओतलं. ते सरळ दाराकडे वाहत गेलं तेव्हा कुठे त्याने मान डोलावली.

सोइली नुसत्या हातांनी गाडी चालवायला शिकली. पुढच्या हिवाळ्यातल्या एका सकाळी ती उतारावरून एकटी खाली आली, व्हॅनशी वळली, फळीवरून आत गेली. कुणी उचललं नाही, कुणी ढकललं नाही. माझं दार वर गेलं. तौनो घराच्या दारात उभा होता, हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

"बाबा, दार लाव, ऊब जातेय," ती म्हणाली आणि गेली.

त्याने दार लावलं, पण तो घरात गेला नाही. माझ्यातल्या त्या रिकाम्या जागेत स्टूल घेऊन बसला आणि डब्यातले स्क्रू निवडायला लागला. दुपार उलटून ती परतली तेव्हाही तिथेच.

"अजून स्क्रूच?"

"फार मिसळले होते," तौनो म्हणाला. डोळे त्याने बाहीला पुसले, ते मी पाहिलं.

आता सोइली दुसऱ्या शहरात असते. तिथे बंदरावरच्या कचेरीत नोकरी करते, तिचं स्वतःचं घर आहे. इर्याचे गुडघे दुखतात, म्हणून दोघं लिफ्टच्या इमारतीत राहायला चाललेत. घर विकलं. काल तौनोने मला शेवटचं झाडून काढलं. मग कोर्राडो आला. वय झालंय, पण आवाज तोच. दोघांनी घडीच्या खुर्च्या उघडल्या आणि दार वर करून पाऊस बघत बसले.

"नवे लोक कसे आहेत?" कोर्राडोने विचारलं.

"तरुण आहेत. गाडी एकच."

"मग दुसऱ्या बाजूला काय ठेवणार?"

"विचारलं नाही."

"तू कधी काही विचारतोस का! मी रोज दुपारी कुठे बसू आता?"

"बसने ये माझ्याकडे."

"तुझ्याकडे गॅरेज आहे का?"

तौनो हसला. पाऊस थांबेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

लेहतोलांनो, तुम्ही मला माणसाच्या मापाने बांधलंत, तुमचे उपकार मी विसरणार नाही. सुखाने जा. आणि नव्या मंडळींनो, माझ्यात हवं ते भरा. सायकली, होडी, जुनं फर्निचर, काहीही. फक्त दाराजवळ दोन खुर्च्यांपुरती जागा सोडा. शेजारचा म्हातारा दुपारी येईल. तो आधी तुमच्यावर खेकसेल. त्याला बसा म्हणा.