अकराशे चाळीस गिऱ्हाइकं

यवतमाळ जिल्ह्यात मला ओळखत नाही असा माणूस शोधावा लागेल, आणि ओळखणाऱ्यांत माझ्याबद्दल चांगलं बोलणारा त्याहून जास्त शोधावा लागेल. मी भीमसिंग आडे. 'आडे बाजार' नावाची अकरा दुकानं माझी, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतलं गोदाम माझं आणि लोकांनी ठेवलेलं 'दुकानखाऊ' हे नावही माझंच.

नाव उगाच पडलेलं नाही. माझी रीत सोपी होती. गावातल्या चालत्या दुकानासमोर आपलं दुकान टाकायचं, तीन महिने साखर आणि तेल घाट्यात विकायचं, समोरचं शटर कायमचं खाली आलं की भाव वर न्यायचा. भाषणात मी याला ग्राहकसेवा म्हणत असे. एका तालुक्याच्या गावी व्यापाऱ्यांनी माझा पुतळा जाळला, तेव्हा मी लांब गाडीत बसून तो बघितला होता. पुतळ्याच्या डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त केस होते. तेवढंच समाधान.

या सगळ्याचं मला काही वाटत नव्हतं. वाटलं ते माझ्या मुलीच्या, राखीच्या एका फोनने. ती नागपूरला वकिली शिकते.

"बाबा, माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं दुकान तुमच्यामुळे बंद पडलं. आज तिनं मला सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही आतापर्यंत एक तरी दुकान वाचवलं का?"

मी तिला सांगू लागलो की मी चारशे लोकांना काम दिलंय, एवढा कर भरतो, शाळेला पंखे दिले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी एकच विचारलं होतं." आणि फोन ठेवला. पुतळा जाळल्यावर मला छान झोप लागली होती. त्या रात्री लागली नाही. ठरवलं, एक दुकान वाचवून दाखवायचं. फक्त एक. जो माणूस अकरा दुकानं चालवतो त्याला बारावं किती जड जाणार?

पांढरकवड्याला एसटी स्टँडाजवळ डोमाजी वासनिकांचं 'सुजाता डिपार्टमेंटल स्टोअर' आहे. होतं. तीन मजले. खाली भांडी, कंगवे, टिकल्या, शाळेची दप्तरं. वर कापड. त्याच्या वर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि धूळ. डोमाजीकाकांनी ते दिवंगत बायकोच्या नावाने काढलेलं, चाळीस वर्षं जुनं. आता काका पंच्याहत्तरीला आलेले, मुलगा पुण्याला, आणि दुकान दरवर्षी थोडं थोडं बसत चाललेलं. मी भागीदारीचा निरोप पाठवला तेव्हा त्यांनी मला घरी बोलावलं, चहा दिला आणि एकच अट घातली.

"नाव उतरवायचं नाही आन् माणसं काढायची नाही. बाकी तुले जे करायचं ते कर."

"शब्द देतो काका," मी म्हणालो. त्या क्षणी मी खरंच दिला होता.

पैसे घालण्याआधी दुकान तपासायची माझी पद्धत आहे. मी दारावर माणसं मोजणारं यंत्र बसवलं आणि तीन आठवडे बाजाराच्या दिवसाचा आकडा घेतला. दर बाजाराला सरासरी आकडा आला अकराशे चाळीस. बिलं फाटली होती नव्वद. दुसरा कोणी असता तर विचारात पडला असता. मी लोहाऱ्याच्या ऑफिसात टेबलावर हात आपटला. अर्धा तालुका या दुकानात येतोय आणि या भोळ्या म्हाताऱ्याला त्यांना काही विकता येत नाही. मला येतं. एवढं तर मला येतंच.

काका म्हणाले होते, "अरे, ते सारे गिऱ्हाईक नाही." मला वाटलं, वयाने आलेला नम्रपणा. सहीसाठी पेन मीच पुढे केलं.

या दुकानात दार ओलांडलं की डाव्या हाताला एक लांब फळी होती आणि फळीमागे कौसल्याबाई. पन्नाशी ओलांडलेली, केळापूरहून रोज ऑटोने येणारी, सव्वीस वर्षं त्याच जागेवर. बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेली माणसं एसटीतून उतरत, पिशव्या, गाठोडी, डबे तिच्याकडे ठेवत आणि कचेरीत, दवाखान्यात, बाजारात जात. पावती नाही, टोकन नाही. कोणाची कोणती ते तिच्या डोक्यात. संध्याकाळी माणसं परत येत, पंख्याखाली बाकड्यावर बसत, माठातलं पाणी पीत, आणि एसटीची वेळ झाली की पिशवी उचलत. पण नुसती पिशवी कशी उचलायची, म्हणून एखादा कंगवा घेत. चहाची गाळणी घेत. घरी लग्न असलं तर तिथेच पातेली आणि लुगडी घेत, कारण आयुष्यभर जिथे पिशवी ठेवली तिथे सोडून दुसरीकडे जायला संकोच वाटे. ते अख्खं दुकान चाळीस वर्षं या संकोचावर चाललं होतं. हे मला आज इतकं स्वच्छ दिसतं की माझीच लाज वाटते. तेव्हा मला दिसल्या त्या दारात जागा अडवणाऱ्या पिशव्या.

मी कामाला लागलो. एसी लावला. बाकडी काढली, कारण बसलेला माणूस खरेदी करत नाही. माठ काढला आणि पाण्याच्या बाटल्यांचा फ्रिज ठेवला. दारात टोकनची खिडकी केली: पिशवी ठेवायची तर दहा रुपये, बिल दाखवलं तर परत. आणि कौसल्याबाईंना लाल टी-शर्ट देऊन अत्तराच्या काउंटरवर उभं केलं. माणूस काढायचा नाही हा शब्द मी पाळला होता, बघा.

"साहेब, लोक पिशवीसाठी येते," ती टी-शर्ट हातात धरून म्हणाली. साडीवर तो कसा घालायचा असा प्रश्न तिला पडला असावा.

मी तिला आधुनिक व्यापारावर दहा मिनिटं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकलं. महिनाभर ती अत्तराच्या बाटल्यांमागे उभी राहिली आणि एका सकाळी आलीच नाही.

त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी दारावरच्या यंत्राने त्रेसष्ट दाखवले. त्यात एकोणीस आमचीच माणसं, आणि कॅमेऱ्यात बघितलं तर एक कुत्रा एसीसाठी चारदा आत-बाहेर करून गेलेला. नफ्यातोट्याच्या बैठकीत मी कुत्र्याचा उल्लेख टाळला.

बाकीची माणसं कुठे गेली ते कळायला मला रस्ता ओलांडावा लागला. समोर शाम नावाच्या माणसाची पिठाची गिरणी. गिरणीच्या ओट्यावर कौसल्याबाई चटई टाकून बसलेली, भोवती पिशव्यांचा ढीग, शेजारी माठ. आमचाच माठ होता तो, भंगारात काढलेला. शामने ओट्याला लागून कंगवे आणि गाळण्या टांगल्या होत्या.

इथे शहाणा माणूस तिच्या पाया पडला असता. मी मात्र माझ्या रीतीला जागलो. शामला भेटलो आणि गिरणी ओट्यासकट पाच वर्षांसाठी भाड्याने घेऊन टाकली. त्याने तीनपट भाडं सांगितलं, मी दिलं. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद झाली आणि ओट्याला जाळी लागली. कौसल्याबाईने चटई गुंडाळली, माठ बगलेत घेतला आणि माझ्याकडे न बघता ऑटोत बसली. मला वाटलं, जिंकलो. आता जातील कुठे?

लोक स्टँडवर गेले. पिशव्या पायांत धरून बसले, कामं अर्धी टाकून दुपारच्याच एसटीने घरी परतले. आमच्या दारात आता कुत्राही यायचा बंद झाला, कारण वीजबिल परवडेना म्हणून मी एसी बंद केला होता.

डोमाजीकाका एका दुपारी दुकानात आले. बसायला बाकडं नव्हतं, म्हणून वरच्या मजल्यावरून एक खुर्ची आणवली. रिकाम्या दुकानात नजर फिरवून ते म्हणाले, "बारावीत असताना तूबी कौसल्याच्या आंधीच्या बाईपाशी आपली पत्र्याची पेटी ठेवत जाय. तांड्यावरून यायचा शनवारी. इसरला का?"

विसरलो होतो. अगदी साफ.

"तू वाईट माणूस नाही, भीमसिंग," काका म्हणाले. "पन तुनं आतालोक दुकानं बंद केली. चालवलं एकबी नाही."

मला राग यायला हवा होता. मी मनातल्या मनात अकरा दुकानं मोजली, आणि प्रत्येकाच्या समोरचं बंद शटर मला आठवलं. ती चालत होती, कारण गावात दुसरं काही उरलं नव्हतं. 'सुजाता'समोर बंद करायला दुकानच नव्हतं. म्हणून मी काय केलं, तर गिरणी बंद केली. मला वाईट वाटलं, अगदी साधं वाईट. काकांसमोर मी ते खोकून लपवलं.

दुसऱ्याच दिवशी केळापूरला गेलो. कौसल्याबाई अंगणात तांदूळ निवडत होती. तिने खाट दिली, पाणी दिलं, चहा ठेवला. मी दुप्पट पगार म्हटलं, मग तिप्पट. टोकन काढतो, बाकडी परत आणतो, टी-शर्ट जाळून टाकतो, म्हटलं.

"बाकडी आना साहेब. लोकायचे पाय दुखते," ती म्हणाली. "पन मी येत नाही."

"काहून?"

"दोनदा उठवलं तुमी मले. तिसऱ्यांदा बसत नाही."

आवाजात राग नव्हता. तांदळातला खडा काढून बाजूला टाकावा तसं तिने सांगितलं. चहा चांगला होता, मी संपूर्ण प्यालो, कारण उठून जायला काहीतरी संपवणं गरजेचं होतं.

बाजाराच्या दिवशी मी स्वतः फळीमागे बसलो. बाकडी आणली, नवीन माठ आणला, पंखा चालू केला. दारावर पाटी लावली, 'पिशव्या मोफत सांभाळल्या जातील'. स्टँडवर एक माणूस पाठवून ओरडून सांगायला लावलं. कोटीकोटीचे व्यवहार केलेला मी, सकाळी आठपासून एका पिशवीची वाट बघत होतो. आयुष्यात कुठल्या सहीची अशी वाट बघितली नव्हती. समोरून माणसं पिशव्या घेऊन जात. काही आत डोकावत, मला बघत आणि पुढे जात.

साडेदहाच्या सुमारास एक म्हातारी खरंच आत आली. डोक्यावर गाठोडं, हातात कापडी पिशवी. घामाने थबथबलेली. सवयीने थेट फळीपाशी आली आणि गाठोडं उतरवता उतरवता थांबली.

"कौसल्या कुठी गेली?"

"ती येत नाही आता. मी ठेवतो माय. दे इकडं."

"तू कोन?"

"मी भीमसिंग आडे. मालक हाय इथला."

एवढं बोलायला नको होतं. मी सांगितलं कारण मला वाटलं होतं की नाव ऐकून तिला भरवसा वाटेल. इतक्या वर्षांत माझ्या नावाची मला एवढी खात्री होती.

तिने पिशवी छातीशी धरली.

"लोकायची दुकानं घेते तो तूच का?"

"पिशवी नाही घेत माय," मी म्हणालो. हसलो पण. "नाव काय तुमचं? नाव लिहून ठेवतो. काही होत नाही पिशवीले."

"रुक्माबाई," ती म्हणाली. नाव दिलं, पिशवी दिली नाही. मी फळीवरून दोन्ही हात पुढे केले होते. तिने त्या हातांकडे नीट बघितलं, सोनाराकडे दागिना परत घेताना बघतात तसं.

"राहू दे बाप्पा. लेकीच्या घरची तूरडाळ हाय त्याच्यात. माहं ओझं मीच धरतो."

मी पाणी तरी प्या म्हटलं. तिने तेही नको म्हटलं. गाठोडं डोक्यावर नीट बसवलं आणि उन्हात बाहेर पडली. चांगलं दहा किलोचं असेल ते ओझं. बँकेने मला बिनातारण कोटी दिले होते आणि या बाईने तूरडाळीची पिशवी दिली नाही. दोघांपैकी माणूस कोणी बरोबर ओळखला, ते सांगायला मला सल्लागार लागला नाही.

दुकान बंद करायचं ठरवलं. दुपारी नावाची पाटी उतरवायला सांगण्याआधी काकांना भेटून आलो. मग राखीला फोन लावला आणि दुकान बंद करतोय म्हणून सांगितलं.

"पुन्हा?" ती म्हणाली. मग, "हे तर तुम्ही वाचवणार होता ना? काय झालं?"

सांगण्यासारखी कारणं पुष्कळ होती. वीजबिल, मोबाईलवरून होणारी खरेदी, पावसाने गेलेलं पीक. तोंडापर्यंत आलीही होती.

"माझ्याजवळ कोणी पिशवी ठेवत नाही, बेटा," मी म्हणालो.

ती हसली नाही. फोनही ठेवला नाही. तिने विचारलं, "जेवलात का?"