पडद्याआडची मोजणी

हाजींना उतरवून घ्यायचा माझा धंदा. पिनांग बेटावर आचे गल्लीत, मशिदीच्या मागे माझं दुमजली घर आहे. मक्केला जाणारं जहाज लागेपर्यंत पलीकडच्या किनाऱ्यावरची, केदाहकडची माणसं तिथे राहतात, जेवतात, भांडतात आणि जाताना माझी एखादी पळी बोचक्यात घालून नेतात. मला नवरा नाही, मूल नाही, तरी सगळं पिनांग मला मक मुनाह म्हणतं. मक म्हणजे आई. एवढ्या लोकांनी दिलेलं आईपण नाकारायला मी काही तितकी मानी नाही.

त्या वर्षी बंदरावर नवा मोजणीसाहेब आला. आधीचे साहेब जहाजाच्या शिडीपाशी उभे राहायचे, कप्तान सांगेल तो आकडा ऐकायचे आणि सही करून जेवायला जायचे. हा वेगळा निघाला. त्याने जहाजाच्या फळ्यांवर खडूने चौकटी आखून घेतल्या. माणशी एक चौकट, चटई अंथरता येईल एवढी. दोन लहान मुलांत मिळून एक. चौकटी संपल्या की माणसं संपली, उरलेल्यांनी खाली उतरायचं.

पुरुषांकडे हे सुरळीत झालं. बायकांच्या पडद्याआड मात्र तो पहिल्याच जहाजावर तसाच घुसला. आत जी काही बोंब उठली ती म्हणे धक्क्यावर ऐकू आली. कुणीतरी त्याला पिकदाणी फेकून मारली. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा राहिला तेव्हा पानाचा डाग त्याच्या कोटावर तसाच होता.

"मक मुनाह, तू बाई," तो म्हणाला. आमची भाषा तो त्याच्या आचाऱ्याकडून शिकला होता, त्यामुळे कुणाशीही बोलताना स्वैपाक सांगतोय असं वाटायचं. "तू आत जा. तू मोज. मला सांग. बरोबर सांग."

मी लगेच हो म्हटलं. साहेबाच्या प्रेमाखातर नाही. तीन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण एशाह हजला गेली, तेव्हा जहाजात बसल्यावर गुडघे पोटाशी घ्यावे लागत होते. सिलोनच्या पुढे पटकीची साथ लागली आणि तिला समुद्रात सोडलं. तिच्याबरोबरच्या बायका परत आल्यावर मला कौतुकाने सांगत होत्या की शेवटपर्यंत एशाह कुणाला ना कुणाला टेकायला जागा करून देत होती. मला कौतुक वाटलं नाही. मला राग आला, आणि तो काही अजून गेलेला नाही.

आता तोक लिजाहबद्दल सांगते. ही केदाहमधल्या एका भातशेतीच्या गावची म्हातारी. तोक म्हणजे आजी. पण ती कुणाची सख्खी आजी नव्हती, माणसं होती ती भाचे आणि त्यांच्या बायका. आदल्या वर्षी ती हजला निघाली आणि पिनांगपर्यंत पोचून राहिली, कारण जहाज भरलं होतं. तिच्या गावचे बाकीचे गेले. हिला परत गावी जाता येईना. आमच्याकडे हजला निघणाऱ्याला निरोप देतात तो जवळजवळ मयताला देतात तसा. उंबऱ्यावर अजान होते. निघणारा सगळ्या गावाकडे चुकीमाकीची माफी मागतो, घरदार वाटून टाकतो, आणि एकदा पाऊल बाहेर पडलं की मागे वळून बघत नाही. असा माणूस चार दिवसांनी बोचकं घेऊन परत आला तर त्याला 'पिनांगचा हाजी' म्हणतात. हे नाव नातवंडांपर्यंत चिकटतं.

"घरी जाऊन काय करू?" लिजाह म्हणायची. "कोंबड्यासुद्धा वाटून आले मी. आता काय त्यांच्या दारात जाऊन म्हणू, माझी तांबडी परत द्या?"

मग ती वर्षभर माझ्याकडेच राहिली. मिरच्या कुटायची, हळद वाटायची, आणि उतारूंनी भात टाकला तर मलाच बोल लावायची. या वर्षीचं तिकीट तिने कंबरेला बांधलं होतं, आंघोळीलाही सोडायची नाही. यंदा ती गेली नाही तर पुढच्या वर्षीपर्यंत टिकणार नाही हे मला दिसत होतं, तिलाही ठाऊक होतं. आम्ही त्यावर बोलायचो नाही.

जहाजाचं नाव 'फतहुल बहर'. तिकिटं विकणारा शेख सालिम, मूळचा अरबस्तानातल्या हद्रामौतचा, दाढीला अत्तर आणि जिभेला मध. जहाजावर किती माणसं मावतात असं त्याला कुणी विचारलं तर तो वर आकाशाकडे बोट दाखवायचा.

मोजणीच्या सकाळी मी पडद्याआड गेले. सुके मासे, खोबऱ्यात परतलेलं मांस आणि घाम यांचा वास नाकात बसला. बायका आपापल्या गावच्या घोळक्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांना एकेकीला उठवून चौकटीत बसवता बसवता माझा घसा बसला. बसवलेली परत उठून बहिणीजवळ जायची.

"अगं, तुझी चौकट ती. तिथेच बस."

"तिथे एकटी कशी बसू, मक? मी काय घरावर रुसलेय का?"

पोरींचा घोळ आणखी वेगळा. सापियाह नावाच्या एका बाईबरोबर तिच्या दोन मुली होत्या, कलसोम आणि जेनाब. थोरली माझ्या कंबरेच्या जरा वर, धाकटी कंबरेएवढी.

"या केवढ्या?" मी विचारलं.

"खतम झालंय दोघींचं," सापियाह म्हणाली.

आमच्याकडे वर्षं कोण मोजतं? पोरीने कुराण पुरं वाचून संपवलं की खतम. त्या दिवशी पिवळा भात शिजतो, गाव जेवतं, पोरीचे केस वर बांधतात, आणि ती मोठी झाली. मी दोघींना मोठ्यांत धरलं. सगळ्यांना असंच धरत गेले. शेवटी मोजून बघते तर चौकटींपेक्षा पाच बायका जास्त.

साहेबाला सांगितलं. साहेबाने शेख सालिमकडे बघितलं. शेख सालिमने जराही कपाळाला आठी न घालता पाच नावं सांगितली. पाचही जणी एकट्या आलेल्या. ज्यांच्यासाठी आरडाओरडा करायला जहाजावर एकही पुरुष नव्हता, अशा. पाचवं नाव लिजाहचं.

चौघी मुकाट्याने बोचकी उचलून निघाल्या. एकीने तर जाता जाता शेजारणीला सांगितलं, माझी घागर राहू दे तुझ्याजवळ. मला वाटलं, काय सोशीक बायका आहेत. लिजाह मात्र आपल्या चौकटीत बसून राहिली, तिकिटावर हात ठेवून. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी परत सापियाहकडे गेले, तिच्यापुढे उकिडवी बसले. "हे बघ, साहेबाचा नियम आहे, दोन लहान म्हणजे एक. तुझ्या पोरी लहान आहेत एवढं म्हण. एक चौकट मोकळी होते, ही म्हातारी जाते."

"लहान कशा म्हणू?"

"डोळ्यांना दिसतात तशा म्हण."

"मक, लहान लेकराचा हज फर्जात धरत नाहीत. मोठेपणी परत करावा लागतो. परत कुठून आणू मी हे सगळं?" तिचा आवाज चढला. "शेवटची म्हैस गेलीय यात. आणि या वाटेवर बसून खोटं बोलू?"

"खरंच मोठ्या झाल्यात का गं त्या? न्हाणं आलंय?"

"खतम झालंय," सापियाह म्हणाली आणि तोंड फिरवून रडायला लागली. कलसोम पायाच्या अंगठ्याने खडूची रेघ पुसत होती. तिला माझा प्रश्न कळला होता, उत्तरही ठाऊक होतं. खरंच मोठी झालेली पोर एवढी लाजली नसती.

मी उठले. पडद्याबाहेर जाऊन 'दोन लहान धरा' एवढं म्हटलं की काम होणार होतं. साहेब माझ्या शब्दावर सही करत होता. तेवढ्यात लिजाहने मागून माझी बाही धरली.

"नको गं. पोरींच्या हजवर पाय देऊन मी नाही जायची. ती बाई वाटभर शिव्या देईल मला, आणि बरोबर देईल."

"मग काय करणार?"

"मिरच्या कुटीन," ती म्हणाली, आणि शिडीकडे तोंड करून एकेक पायरी चाचपत खाली उतरली. तिला हात द्यायला गेले तर तिने माझा हात झटकला.

दुपारच्या नमाजानंतर जहाजाने भोंगा दिला आणि ते दक्षिणेकडे निघालं. साहेब माझ्या ओसरीवर कॉफी प्यायला आला. एवढा खूश झालेला गोरा माणूस मी आधी बघितला नव्हता.

"तू फार बरोबर मोजली," तो म्हणाला. "या वर्षी कोणी मरणार नाही. तुझी बहीण, मला माहीत आहे. मला वाईट वाटते."

त्याला एशाहबद्दल कुणी सांगितलं होतं देव जाणे. मला रडू आलं, म्हणून मी केळ्याची भजी आणायच्या निमित्ताने आत गेले.

मागच्या दारात शेख सालिम उभा होता.

"मक मुनाह, म्हातारीला तयार करा," तो हळूच म्हणाला. "होडी नदीच्या तोंडाशी आहे. बाकीच्या चौघी बसल्यासुद्धा."

"कुठे जायला?"

"जहाज रिमाऊ बेटामागे थांबलंय. दिवस मावळून मगरिबची अजान व्हायच्या आधी निघेल. पुरुषही येतायत, पलीकडच्या किनाऱ्यावरून दोन होड्या भरून. चौघींना मी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हातारीला सांगितलं असतं तर तिने तुमच्या कानावर घातलं असतं."

"दोन होड्या भरून!" माझा हात कढईला लागला तरी मला कळलं नाही. "मग सकाळपासून मी मोजत काय होते?"

"साहेबाचं समाधान," शेख सालिम म्हणाला. "कागदावर सही झालीय. आता पाहिजे तर ओसरीवर जा आणि सांगा त्याला. त्याची वाफेची होडी धक्क्यालाच आहे, वेळेवर पोचेल तो. जहाज धरतील. सगळेच खाली उतरतील मग, म्हातारीही राहील." तो आणखी मऊ आवाजात म्हणाला, "तुमची मर्जी."

ओसरीवरून साहेबाची बशी वाजत होती. भिंतीपलीकडे चार पावलांवर तो बसला होता, आणि दोन शब्दांचं काम होतं.

लिजाह अंगणात उखळापाशी बसली होती. मिरच्या कुटत नव्हती, नुसती मुसळ धरून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. जहाजावर आता किती दाटी होईल ते सांगितलं, एशाहचंही पुन्हा सांगितलं.

तिने फक्त एक विचारलं. "म्हणजे मी गेले तर कुणाची जागा घेईन?"

"कुणा एकीची नाही. सगळ्यांची थोडी थोडी."

लिजाहने विचार केला. "थोडी थोडी चालते," ती म्हणाली. "ताटाभोवती आणखी एक जण आला की आपण गुडघा सरकवतोच ना. कुणी म्हणतं का ताट भरलं?"

"तिथे ताट नाहीये, तोक! असेच गुडघे सरकवून सरकवून मेली माझी बहीण."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण मला उंबऱ्यावर अजान देऊन काढलंय, मुनाह. मी आता आणखी किती दिवस तुझ्या मिरच्या कुटू?"

तिने मला पहिल्यांदाच नुसतं मुनाह म्हटलं होतं.

मी भज्यांची थाळी साहेबापुढे नेऊन ठेवली. त्याने विचारलं, डोळे का लाल? मी म्हटलं, मिरच्या. त्याने थाळी पुरी संपवली, टोपी घातली, पुन्हा एकदा आभार मानले आणि गेला.

होडीत मी पण बसले. म्हातारीला एकटीला कुणाच्या भरवशावर सोडू? बेटामागे वळलो तेव्हा ऊन उतरलं होतं. 'फतहुल बहर' पाण्यात सकाळपेक्षा खोल बसलं होतं. कठड्याला डोकीच डोकी होती. पुरुषांच्या होड्या आमच्या आधी लागून मोकळ्या झाल्या होत्या. शिडी काढलेली होती. दोराची एक जाळी तेवढी सोडली होती, आणि चौघी एकामागून एक तिला लोंबकळत वर गेल्या.

लिजाहला जाळी चढता येईना. तिचा एक पाय अडकायचा, दुसरा सुटायचा. वरून खलासी शिव्या देत होते. मी खाली होडीत उभी होते, होडी हलत होती, आणि क्षणभर मला वाटलं, बरं झालं, नाहीच चढता आलं तर घेऊन जाईन परत. मी तिच्या कमरेला धरलं ते खाली ओढायला की सावरायला, मलाच ठाऊक नाही.

तेवढ्यात वर बायकांच्या बाजूचा पडदा सरकला आणि सापियाहचं तोंड बाहेर आलं. तिच्या बाजूने दोन बारीक हातही आले, कलसोमचे.

"तोक! इकडे, इकडे ये!" सापियाह ओरडली. "आमच्याजवळ ये. जागा आहे!"

जागा नव्हती. सकाळी मी स्वतः मोजली होती.

मी खालून खांदा लावला आणि म्हातारीला वर ढकललं.