वेल सगळ्यांचा, कुंपण कुणाचं?

मी एक जुनं लाकडी कुंपण आहे, मित्रांनो, आणि पुढचं काही सांगण्याआधीच कबूल करतो की मी जळका आहे. लाकूड जळतं ते चुलीत. मी उभ्या उभ्या जळत आलो, तेही एका गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, वेलावर. माझी गोष्ट ऐकलीत तर तुम्हाला माझा राग येईल, कदाचित थोडी दयाही येईल.

सुरतेच्या नवागाममध्ये एका गल्लीत दोन घरं खांद्याला खांदा लावल्यासारखी शेजारी शेजारी आहेत. एक मगनभाऊंचं, दुसरं निंबाचं. दोघंही खानदेशातले, दोघंही कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे मागावर, कामाला. दोन्ही घरांच्या मागे चार पावलांचं परस आहे. उषाबाई, म्हणजे मगनभाऊंची बायको, तिथे मेथी लावायच्या आणि निंबाच्या बायकोच्या, सुषमाच्या, कोंबड्या ती मेथी फस्त करायच्या. रोजची कटकट नको म्हणून एका अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीला दोघा पुरुषांनी मिळून मला उभं केलं. कारखान्यात मोडीत निघालेल्या लाकडी लूमच्या पट्ट्या माझं अंग झाल्या, बांबूचे खांब माझे पाय झाले.

मला खिळे फार मारले नाहीत. पट्ट्या सुताने बांधल्या. लूमवर सुताचा तार तुटला की कारागीर दोन टोकं धरून एक बारीक गाठ मारतो. ओढावं तितकी ती घट्ट बसते. तशा गाठींनी त्या दोघांनी मला विणलं म्हणा ना. मगनभाऊ डावखुरे, त्यामुळे त्यांच्या गाठीचं शेपूट डावीकडे वळायचं, निंबाच्या गाठीचं उजवीकडे. काम संपल्यावर दोघं माझ्याकडे बघत चहा प्यायले. "झकास झालं," असं मगनभाऊ म्हणाले होते. ते एवढंच माझ्या वाट्याला आलेलं कौतुक, म्हणून मी ते अजून जपून ठेवलंय.

मग आला तो. उषाबाईंनी माहेरून आणलेलं गिलक्याचं बी माझ्या पायाशी टोचलं आणि महिन्याभरात साहेब माझ्या खांद्यावर! पिवळी फुलं काय, लांबसडक गिलकी काय, सगळ्या गल्लीला त्याचं वेड लागलं. ज्या बाजूला गिलकं लोंबेल ते त्या घराचं, असं दोघींनी ठरवून टाकलं होतं.

"कितला लागनात व तुनाकडे?" उषाबाई सकाळी सकाळी विचारायच्या.

"पाच लागनात, जिजी! कितला गुणी वेल शे!" सुषमा म्हणायची.

गुणी! चढला माझ्यावर, पसरला माझ्यावर, ओझं माझ्या मणक्याला आणि गुणी तो! पौषात तो वाळून काडी व्हायचा, तेव्हा मला बरं वाटायचं. पण जेठ उजाडला की उषाबाई पुन्हा जपून ठेवलेलं बी काढायच्या, शेणखत घालायच्या, पाणी घालायच्या. त्याला दरवर्षी नवा जन्म मिळायचा आणि मी दरवर्षी एक वर्षाने म्हातारा व्हायचो. मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पुढे कोंबड्या गेल्या, मेथी गेली. राहिलो मी आणि तो. माझ्या दोन पट्ट्या मोडल्या, कोपऱ्यातला खांब खालून कुजला, मी निंबाच्या बाजूला कलायला लागलो. तेव्हा भांडण सुरू झालं. मला वाटलं होतं, माझ्यासाठी दोघं भांडतील. ते भांडले ते मला एकमेकांच्या गळ्यात घालायला.

"कोंबड्या तुन्या व्हत्यात. कुंपण तुन्यामुळे घालं. तूच बांध," मगनभाऊ म्हणाले.

"वेल तुमना, भार तुमना, मंग दुरुस्ती बी तुमनीच," निंबाने हात झटकले. "मी हात बी लावाव नही!"

"मंग मी बी लावाव नही!"

वेलावर दोघांचा हक्क आणि माझ्यावर कुणाचाच नाही. सहा महिने हे असंच चाललं. दोघींमधली वाटी-वाटी भाजीची देवघेवही थांबली. शेवटी मगनभाऊंचा मुलगा नितीन वैतागला. तो बाजारात साड्यांच्या दुकानात कामाला, घरातही निम्मं गुजरातीच बोलतो.

"पप्पा, काढी नाखो ने आ बधुं. पतरां मारी दईए, झगडो ज पती जाय," तो म्हणाला.

ठरलं. कानबाई झाली की मला उपटायचं, माझी लाकडं पाणी तापवायच्या बंबात घालायची आणि मध्ये डोक्याइतके उंच पत्रे ठोकायचे. उषाबाई एवढंच म्हणाल्या, "वेलले जपीसन काढज्यात." मला जपून काढा असं कुणीच म्हटलं नाही.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशी घरांतला श्रावणातला मोठा सण. यंदा देवी मगनभाऊंकडे बसणार होती आणि नैवेद्याच्या भज्यांसाठी दोन्ही घरांचं लक्ष वेलाकडे लागलं होतं. गिलकी मोजली जात होती, पानं उचलून पाहिली जात होती. सणाच्या चार दिवस आधी दुपारी वारा सुटला. कुजलेला खांब करकरला. मी ताण धरून उभा राहू शकलो असतो, मित्रांनो. आजवर असे किती वारे मी अंगावर घेतले होते. पण त्या दिवशी माझ्या मनात आलं, आता कळू दे याला, कुणाच्या जिवावर मिरवतोस ते. आणि मी अंग सोडलं.

धाडकन आवाज झाला. दोन्ही घरांतून सगळे धावले.

"अरे वेल! वेल सांभाळा!" सुषमा ओरडली. माझ्या पाठीवर पाय देऊन चौघांनी वेल उचलला. त्याची मुळं शाबूत होती. माझ्या तीन पट्ट्या मात्र त्यांच्या पायांखाली मोडल्या. पडूनही जिंकला तोच.

वेल धरून उभ्या उभ्याच भांडण पुन्हा पेटलं. मगनभाऊ म्हणाले, "लूमवर कशी रीत शे? ज्यानी गाठ सुटनी, त्यानी चूक. चल, गाठी देखूत. तुनी सुटेल व्हई!"

"देखा! तुमनीच सुटेल व्हई!" निंबा म्हणाला.

दोघं माझ्या दोन टोकांना उकिडवे बसले आणि एकमेकांची चूक पकडायला माझी एकेक गाठ चाचपू लागले. उषाबाई, सुषमा वेल तोलून धरून बघत होत्या. बऱ्याच वेळाने निंबाने मान वर केली.

"मगनभाऊ, आठे नवं सूत शे. शेपूट डावीकडे. ही गाठ तुमनी शे. कवय मारी?"

मगनभाऊ पुढची गाठ चाचपू लागले. मग त्यांचाही हात एका गाठीवर थांबला. "आनि ही उजवीकडनी? हाई बी नवंच सूत शे. तू तं म्हनना व्हता, हात बी लावाव नही."

"गुढीपाडवाले मारी," निंबा पुटपुटला. "तुम्ही गावले जायेल व्हतात."

"मी होळीले. तू पाळीवर व्हता."

अशा एक नाही, अकरा गाठी निघाल्या. तोंडाने भांडायचं आणि दुसरा घरी नसताना गुपचूप येऊन मला बांधायचं, हे दोघांचंही चाललं होतं. हार कबूल करायची लाज, दुसरं काय! त्या गाठी मला ठाऊक नव्हत्या असं नाही. त्यांचे हात मी ओळखत होतो. पण मी धरूनच चाललो होतो की हे सगळं त्या वेलासाठी आहे.

तेवढ्यात सुषमा म्हणाली, "होळीले, पाडवाले वेल कोठे व्हता? कसासाठे बांधं मंग?"

मगनभाऊ माझ्या मोडक्या पट्टीवरून हात फिरवत राहिले.

"इतला साल उभं शे बिचारं," ते म्हणाले. "पडू देऊत का मंग?"

दोघांनी शेवटच्या गाठीपर्यंत पाहिलं. गाठ एकही सुटली नव्हती. सुटलो होतो मी.

पत्रे काही आले नाहीत. कुजल्या खांबाच्या जागी लोखंडी पाइप रोवला, तोही दोघांनी मिळून, आणि मला पुन्हा बांधलं. कानबाईच्या दिवशी गिलक्याच्या भज्यांचं ताट माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे गेलं. "भजी झकास झाली," असं निंबा म्हणाला. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. वेल पुन्हा माझ्या खांद्यावर आहे, भलताच फुललाय, आणि हल्ली तर त्या चकचकीत पाइपाचाही मला हेवा वाटतो. स्वभाव, काय करणार!

पण मित्रांनो, तुमच्या घरालगत माझ्यासारखं कुणी कललेलं उभं असेल, तर त्याला गुपचूप बांधू नका. दिवसाढवळ्या बांधा आणि बांधताना दोन शब्द बोला. आणि कधी दुसऱ्याचं कौतुक ऐकून पोटात दुखलं, तर अंग सोडून देण्याआधी आपल्या अंगावरच्या गाठी एकदा चाचपून पाहा. त्या माझ्यासाठीच आहेत हे मी पाहिलं असतं, तर त्या दुपारी वाऱ्यात उभा राहिलो असतो.